गाल कोणाचा, ते आधी पाहा

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त पाळकाची उत्तरं

या अंकासाठी तीन पत्रं निवडली आहेत. तिघं एकमेकांना ओळखत नाहीत, पण तिघांचंही घोडं एकाच जागी अडलं आहे: ख्रिस्ती माणसानं नमतं कधी घ्यायचं आणि ठणकावून कधी सांगायचं? पत्रं जागेसाठी थोडी कापली आहेत आणि ज्यावरून माणूस ओळखू येईल असे तपशील काढून टाकले आहेत.

पाळकसाहेब, प्रभूच्या नावात सलाम. मी 24 वर्षांचा आहे. शाळेतल्या मित्रांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यात मी एकटाच ख्रिस्ती. गेल्या महिन्यात एकानं येशूच्या आईवर, मरियेवर घाणेरडा विनोद टाकला आणि खाली माझं नाव घालून विचारलं, 'काय रे, खरं ना?' माझं डोकंच फिरलं. रात्री दोनपर्यंत मी उत्तरं देत होतो. त्याला बोललो, त्याच्या घरच्यांना बोललो, बाकीच्यांच्या श्रद्धेलाही सोडलं नाही. सकाळी पाहतो तर मला ग्रुपमधून काढलेलं. त्यातला एक मित्र मला खासगीत शुभवर्तमानाबद्दल विचारायचा, तोही आता फोन उचलत नाही. आमच्या तरुण संघाचे पुढारी म्हणाले, 'शाब्बास! येशूनंही मंदिरात सराफांचे चौरंग उलथले होते.' आई म्हणते, 'दुसरा गाल पुढे करायचास.' दोघंही शास्त्रातलंच बोलतात. मग बरोबर कोण?

बाळा, तुझ्या आईचं बरोबर आहे. पुढाऱ्यांनी दिलेला दाखला खोटा नाही, पण तुझ्या त्या रात्रीला तो लागू पडत नाही.

आधी गालाचं पाहू. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू नुसतं 'गाल' म्हणत नाही, 'उजवा गाल' म्हणतो. उजव्या हातानं समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं म्हटलं तर हाताची मागची बाजूच लागते. अशी चापट मारणाऱ्याला समोरच्याला पाडायचं नसतं, त्याची किंमत काढायची असते. मिश्ना या यहुद्यांच्या जुन्या नियमग्रंथात याचा दंडसुद्धा ठरवून दिलेला आहे: थोबाडीत मारली तर 200 झूझ (त्यांची चांदीची नाणी), उलट्या हातानं मारली तर 400. मार तेवढाच किंवा कमी, पण अपमान मोठा, म्हणून दंड दुप्पट. प्रभू बोलतोय तो अशा अपमानाबद्दल, आणि तोही माझ्या गालावर पडलेल्या. माझा गाल माझा आहे, म्हणून दुसरा पुढे करायचा हक्कही माझाच आहे.

तू म्हणशील, अपमान माझा नव्हता, प्रभूच्या आईचा होता. मान्य. पण पत्र पुन्हा वाच. तुझं डोकं फिरलं ते विनोदापाशी की खाली घातलेल्या तुझ्या नावापाशी? याचं उत्तर मला पाठवू नकोस, स्वतःला दे. आणि अपमान खरोखर प्रभूचाच होता असं धरलं, तरी त्याचं त्यानं काय केलं तेही पाहावं लागेल. लूकच्या नवव्या अध्यायात शोमरोन्यांच्या, म्हणजे यहुद्यांशी वैर असलेल्या लोकांच्या, एका गावानं त्याला उतरायला जागा दिली नाही. याकोब आणि योहान यांना त्यानं 'गर्जनेचे पुत्र' असं नाव दिलं होतं, ते नावाला जागले. म्हणाले, आकाशातून अग्नी पडून यांचा नाश व्हावा अशी आज्ञा करू का? प्रभू वळला आणि त्यानं धमकावलं ते त्या दोघांना, गावाला नाही. मग ते दुसऱ्या गावाला गेले. गोष्ट एवढीच, चार ओळींत संपते.

पण ती तिथं संपत नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय उघड. यरुशलेमेतून शोमरोनात कोणाला पाठवलं? पेत्राला आणि योहानाला. तोच योहान. शोमरोन्यांना पवित्र आत्मा मिळावा म्हणून तो प्रार्थना करतो, त्यांच्यावर हात ठेवतो आणि परतीच्या वाटेवर त्यांच्या कितीतरी गावांत सुवार्ता सांगत जातो. त्या दिवशी मागितलेली आग पडली असती तर हात ठेवायला तिथं कोण उरलं असतं? खासगीत प्रश्न विचारणारा तुझा तो मित्र त्याच गावात राहत होता, बाळा.

आता चौरंगांचं. पुढाऱ्यांना मार्कच्या अकराव्या अध्यायातलं अकरावं वचन दाखव. हे वचन फारसं कोणी वाचत नाही. प्रभू यरुशलेमेत येतो, मंदिरात जातो, सभोवार सगळं पाहून घेतो आणि संध्याकाळ झाली म्हणून बाराजणांबरोबर बेथानीस निघून जातो. चौरंग उलथतो तो दुसऱ्या दिवशी. म्हणजे मध्ये एक आख्खी रात्र गेली. तुझी रात्र मात्र मोबाइल हातात धरून गेली.

आणि तो कोणासाठी रागावला? परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, मंदिराच्या बाहेरच्या अंगणापुढे जाता येत नसे. प्रार्थनेला तेवढीच जागा त्यांना होती आणि तिथंच बाजार भरला होता. सर्व राष्ट्रांसाठी प्रार्थनागृह हे यशयाचं वचन प्रभू त्या वेळी म्हणतो ते म्हणूनच. शिवाय ज्यांच्या बैठका त्यानं पालथ्या केल्या त्यांत कबुतरं विकणारे होते. नियमशास्त्रात, ज्याला कोकरू परवडत नाही त्यानं दोन पक्षी आणावेत असं आहे. त्याच्या स्वतःच्या आईनं त्याच्या जन्मानंतर तेच अर्पण केलं होतं, लूकनं ते नोंदवून ठेवलंय. गरिबाच्या अर्पणावर कमाई करणारे तिथं बसले होते आणि त्यानं ते चालू दिलं नाही. योहानाचं वर्णन आणखी बारकाईनं वाचलंस तर दिसेल की गुरं-मेंढरं त्यानं हाकलली आणि सराफांची नाणी उधळली, पण कबुतरं विकणाऱ्यांना तो फक्त म्हणाला, ही इथून काढा. पिंजरे उघडले नाहीत. नाणी वेचता येतात, गुरं धरून आणता येतात, पण उडालेलं कबूतर परत येत नाही. एवढ्या संतापातही त्याचं भान सुटलं नव्हतं, असं मी त्या वचनावरून समजतो.

स्वतःच्या अंगावर मार पडला तेव्हा तोच प्रभू कसा वागला? महायाजकापुढे एका शिपायानं त्याला चपराक मारली. त्यानं शिवी दिली नाही आणि तो गप्पही बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, बरोबर बोललो असेन तर मारतोस का, एवढं विचारलं. सौम्य माणसाला प्रश्न विचारता येतो, हे तुझ्या आईलाही सांग. त्या विनोदाखाली 'हे तू मला दुखवायला लिहिलंस का?' एवढंच लिहिलं असतंस तरी चाललं असतं.

विश्वासाबद्दल कोणी विचारलं तर उत्तर द्यायला नेहमी तयार असा, असं पेत्र लिहितो आणि त्याच वाक्यात 'पण सौम्यतेनं व आदरानं' असंही लिहितो. आपण पहिला अर्धा भाग पाठ करतो. हे लिहिणारा कोण, तर ज्यानं गेथशेमानेत तलवार उपसून मलखाचा कान कापला तो. प्रभूच्या अटकेची ती रात्र होती, तरी पकडायला आलेल्या माणसाचा तो कान प्रभूनं बरा केला.

आता काय करायचं? सगळ्या ग्रुपची माफी मागायला तुला तिथं जागाच नाही. ज्यानं विनोद टाकला त्याला आणि ज्यानं फोन उचलणं सोडलं त्याला, दोघांना वेगवेगळं लिही. दोन ओळी पुरेत: मी तुझ्या घरच्यांना आणि श्रद्धेला बोललो ते चुकलं, मला क्षमा कर. त्यात 'पण' हा शब्द घालू नकोस. पौलानंसुद्धा एकदा न्यायसभेत महायाजक हनन्याला 'चुना लावलेली भिंत' म्हटलं होतं. तो महायाजक आहे हे कळताच भर सभेत त्यानं शब्द मागे घेतला आणि शास्त्रवचन स्वतःलाच लावून दाखवलं. आणि हनन्यानं तर त्याच्या तोंडावर मारायचा हुकूम दिलेला होता. मित्रानं उत्तर दिलं नाही तर वाट पाहा. योहानालाही शोमरोनात लगेच जायला मिळालं नव्हतं.

मी शिक्षिका आहे, वय 41. मला कोणाशी मोठ्यानं बोलताच येत नाही. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, काही चुकीचं दिसलं तरी मी मनात प्रार्थना करते आणि घरी येते. माझी नणंद अगदी उलट. ती पाळकांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना खडे बोल सुनावते आणि मला म्हणते, 'वहिनी, तुमची सौम्यता म्हणजे भित्रेपणा.' मी स्वभाव बदलावा का?

ताई, स्वभाव बदलायची गरज नाही. पण जे आपल्याला सोपं जातं त्याला आत्म्याचं फळ, म्हणजे पवित्र आत्म्यानं दिलेला गुण, म्हणायची घाई करू नये. ही गोष्ट तुम्हा दोघींनाही लागू आहे. तुम्हाला गप्प राहणं सोपं जातं, नणंदबाईंना बोलणं. दोघींनी एकेकदा तरी आपल्याला अवघड जाईल ते करून पाहावं.

दोन माणसांची गोष्ट सांगतो. अठराव्या शतकात अमेरिकेतल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक शांतताप्रिय म्हणून प्रसिद्ध होते आणि त्यांच्यातले बरेच गुलाम बाळगून होते. बेंजामिन ले नावाचा एक क्वेकर होता, जेमतेम चार फूट उंचीचा, पाठीला कुबड असलेला. 1738 मध्ये न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टन इथं पंथाची वार्षिक सभा भरली, तेव्हा अंगरख्याखाली एक पोखरलेलं पुस्तक आणि त्यात लाल रसानं भरलेली पिशवी घेऊन तो आत गेला. माणसाला गुलाम करणाऱ्यांचं देव असंच रक्त सांडेल असं म्हणत त्यानं पुस्तकात तलवार खुपसली आणि तो लाल रस आसपासच्या लोकांच्या अंगावर उडाला. त्याला उचलून बाहेर काढलं गेलं. पंथानंही त्याला आपला मानायचं सोडलं.

दुसरा जॉन वुलमन. हा तुमच्यासारखा. आवाज चढवत नसे. गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरी जाऊन बसायचा, त्यांच्याशी एकेकट्यानं बोलायचा. जिथं मुक्काम केला तिथं गुलामांनी त्याची सेवा केली असेल, तर निघताना त्या सेवेचे पैसे द्यायचा. यजमानाला अवघडल्यासारखं व्हायचं, वुलमनलाही व्हायचं, पण त्यानं ते सोडलं नाही. 1758 मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत हा प्रश्न पुढे ढकलायचं चाललं असताना तो उठून बोलला. त्या सभेनं गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदांवर बंधनं आणली आणि गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरोघर जायला माणसं नेमली, त्यांत वुलमनही होता. पुढच्याच वर्षी ले वारला. 1776 मध्ये त्या सभेनं आपल्या सभासदांना गुलाम ठेवायलाच बंदी केली.

लेशिवाय वुलमनचं कोणी ऐकलं असतं का, आणि वुलमनशिवाय लेच्या ओरडण्यातून काही निघालं असतं का, हे मी वर्षानुवर्षं स्वतःला विचारत आलोय. माझा कल वुलमनकडे आहे, हे उघडच सांगतो. पण ताई, तो घरी जाऊन नुसती प्रार्थना करत नव्हता. तो त्या माणसाच्या दारात जात होता. तुमच्या पत्रात ते दार नाही.

नणंदबाईंना थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, अध्याय 5, वचन 14 वाचायला द्या. बेशिस्त वागणाऱ्यांना समज द्या, खचलेल्यांना धीर द्या, अशक्तांना आधार द्या आणि सर्वांशी सहनशीलतेनं वागा, असं पौल तिथं सांगतो. माणसं तीन प्रकारची आणि औषधंही तीन. पोप ग्रेगरी यांनी सुमारे 590 साली पाळकांसाठी जो ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग याच विषयाला दिला आहे: धीट माणसाला कसं सांगावं आणि बुजऱ्याला कसं, उतावळ्याला कसं आणि मंदाला कसं, अशा तीसहून अधिक जोड्या. खचलेल्याला समज दिली तर तो मोडतो आणि बेशिस्ताला धीर दिला तर तो सोकावतो. नणंदबाई पोरांनाही तेच बोल सुनावतात असं तुम्ही लिहिलंय, मला काळजी वाटते ती त्याची.

पाळकसाहेब, आमच्या मंडळीत विधवांसाठी वेगळा निधी गोळा होतो. दोन वर्षं झाली, त्याचा हिशेब कोणी दाखवत नाही. चार विधवा बहिणींना मदत मिळायची ती बंद आहे. मी तीनदा खजिनदारांना नम्रपणे विचारलं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, 'बहिणींनी सौम्य आणि शांत आत्म्यानं राहावं, दोष काढू नये.' कमिटीतल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. आता पुढे बोलले तर मी मंडळीत फूट पाडते असं म्हणतील. गप्प राहू का?

नाही, ताई. गप्प राहू नका.

पहिल्या पत्राच्या उत्तरात मी गालाबद्दल लिहिलं ते तुमच्यासाठीही आहे, फक्त उलट बाजूनं. चापट तुमच्या गालावर पडलेली नाही, त्या चार बहिणींच्या गालावर पडली आहे. त्यांच्या वतीनं दुसरा गाल पुढे करायचा अधिकार तुम्हाला नाही, मला नाही आणि खजिनदारांना तर मुळीच नाही.

हीच तक्रार पहिल्या मंडळीतही झाली होती, हे खजिनदारांना ठाऊक असेल. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर सुरू झाली. 'कुरकुर' हाच शब्द आहे, म्हणजे कोणी फार गोड बोलत नव्हतं. पण प्रेषितांनी त्यांना सौम्यतेवर उपदेश केला नाही. त्यांनी सगळ्या मंडळीला बोलावलं, चांगल्या नावाची सात माणसं निवडायला सांगितली आणि काम त्यांच्या हाती दिलं. त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक नावं. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच माणसांकडे वाटप गेलं असं यावरून दिसतं. आणि त्यानंतर मंडळी फुटली नाही, वाढली. लूकनं पुढच्याच वचनात तसं लिहून ठेवलंय.

पैशांच्या बाबतीत पौलाचा नेम पाहा. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी नेताना तो एकटा गेला नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली. कारणही त्यानं करिंथकरांना लिहून कळवलं: एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी आम्हाला दोष लावू नये, आणि जे प्रभूपुढे योग्य तेच नाही तर माणसांपुढेही योग्य तेच करायला आम्ही झटतो. प्रेषित स्वतःहून हिशेबाला तयार होता. मग खजिनदारांकडे हिशेब मागणं म्हणजे दोष काढणं कसं?

इथं माझं एक पाप सांगायला हवं. बरीच वर्षं ते मी कोणाला सांगितलं नाही.

पाळक होऊन मला पाचेक वर्षं झाली असतील. एक बहीण माझ्याकडे आली. नवरा मारत होता. डोळ्याखाली डाग दिसत होता. मी पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय उघडला, पत्नीच्या आचरणानं पती न बोलता मिळवला जातो ते वचन वाचलं, तिच्यासाठी प्रार्थना केली आणि तिला परत पाठवलं. तिचा नवरा मंडळीचा मोठा आधार मानला जायचा, कमिटीत होता, आणि माझी नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही हे तीच कमिटी ठरवणार होती. त्याच महिन्यात एका तरुण पोराला, जो दारू पिऊन भक्तीला आला होता, मी पुलपिटावरून सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. लोक म्हणाले, पाळक कडक आहेत. दोन महिन्यांनी ती बहीण हात मोडून दवाखान्यात पडली. तो पोरगा मंडळीत पुन्हा आला नाही.

दवाखान्यात तिनं मला एकच विचारलं, 'तुम्ही त्यांना एकदा तरी बोललात का?'

मी तिला सांगितलेली सौम्यता माझी भीती होती. जो मला काही करू शकत नव्हता त्याच्यावर मी गरजलो आणि जो करू शकत होता त्याच्यापुढे मऊ झालो. प्रभूचं सगळं याच्या उलट. चेपलेला बोरू तो मोडत नाही, मिणमिणती वात विझवत नाही, आणि शास्त्री-परूशांना, म्हणजे त्या वेळच्या धर्मपुढाऱ्यांना, 'तुम्ही विधवांची घरं गिळता' असं तोंडावर म्हणतो. त्या दिवशी संध्याकाळी मी मंडळीच्या दोन वडीलजनांना बरोबर घेऊन त्या नवऱ्याकडे गेलो. माझे पाय लटपटत होते. त्याला सांगितलं की हे पाप आहे, हा गुन्हा आहे, ती आता तिच्या बहिणीकडे राहील आणि तिनं पोलिसांत तक्रार दिली तर आम्ही तिच्या बाजूनं साक्ष देऊ. तो आमच्या अंगावर ओरडला. आम्ही ओरडलो नाही, पण एक शब्दही मागे घेतला नाही. तिचा हात पुढे कधी पूर्ण सरळ झाला नाही.

म्हणून, ताई, 'सौम्य आणि शांत आत्मा' हे शब्द तुमच्या तोंडावर फेकले गेले, ते वाचून मला बसवेना. ते शब्द पेत्राच्या त्याच अध्यायातले आहेत, आणि तो अध्याय मीही तसाच वापरला होता.

आता रीत. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली पहिली पायरी, एकांतात सांगणं, तुम्ही तीनदा चढलात. आता दुसरी: एक-दोघांना बरोबर घ्या. त्या चौघींपैकी एखादी यायला तयार असेल तर तिला विचारा, पण ओढू नका, तिची मदत कायमची बंद होईल अशी भीती तिला असू शकते. तोंडी नको, लेखी मागा: किती जमले, कोणाला किती दिले, शिल्लक कुठे आहे. तारीख घाला, प्रत ठेवा. त्यांनी अफरातफर केली असं लिहू नका, कारण ते तुम्हाला माहीत नाही. हिशेब दाखवला नाही हे माहीत आहे, तेवढंच लिहा. मंडळीच्या वडीलजनांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नये, असं पौल तीमथ्याला बजावतो. पण त्याच्या पुढच्याच वचनात, जे पाप करत राहतात त्यांना सर्वांसमोर दोष दाखव, असंही सांगतो. पहिलं वचन कमिटी तुम्हाला वाचून दाखवेल. दुसरं तुम्ही वाचा.

एक सावधगिरीही सांगतो, कारण धीटपणा चढायला लागला की माणसाला आपण संदेष्टा आहोत असं वाटू लागतं. मिलानचे बिशप अँब्रोज यांचं उदाहरण पाहा. 390 साली सम्राट थिओडोसियसच्या सैन्यानं थेस्सलनीकात लोकांची कत्तल केली. अँब्रोज यांनी सम्राटाला स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं, ते त्यानं एकट्यानंच वाचावं म्हणून, आणि पश्चात्ताप केल्याशिवाय तुमच्यासमोर मी प्रभुभोजन अर्पण करू शकत नाही असं कळवलं. सम्राटानं पश्चात्ताप केला. हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्याआधी दोनच वर्षं, 388 मध्ये, कॅलिनिकममध्ये ख्रिस्ती जमावानं यहुद्यांचं सभास्थान जाळलं होतं आणि स्थानिक बिशपनं ते बांधून द्यावं असा हुकूम सम्राटानं काढला होता. अँब्रोज यांनी तेवढ्याच जोरानं, भर चर्चमध्ये सम्राटाला अडवून तो हुकूम मागे घ्यायला लावला. माणूस तोच, सम्राट तोच, धैर्यही तेवढंच. एकदा ते मेलेल्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि एकदा जाळणाऱ्यांच्या. म्हणून पत्र पाठवण्याआधी ते त्या चार बहिणींसाठी आहे की खजिनदारांनी तुम्हाला गप्प केलं त्याचं उट्टं काढण्यासाठी, हे एकदा तपासा. दोन्ही थोडं थोडं असेल. दुसऱ्या प्रकारची जी वाक्यं सापडतील ती खोडा, बाकीचं पाठवा.

करिंथकरांना कडक पत्र लिहिताना पौल रडत होता, असं तो स्वतः सांगतो. तुम्हालाही सभेत बोलताना रडू आलं तर थांबा, पाणी प्या आणि राहिलेलं वाचून पूर्ण करा. हिशेब सरळ निघाला तर खजिनदारांचे सर्वांसमोर आभार माना. तोही त्यांचा हक्क आहे.

मी तुमच्या मंडळीचा सभासद नाही, त्यामुळे पत्रावर सही करू शकत नाही. पण कमिटीला एखाद्या पाळकाचं मत हवं असेल तर हे पान कापून पत्राला जोडा.